गेटच्या आत ओळख न्हाई

मी अंगणवाडीत शिकवते. शिकवते म्हणजे काय, तर पंचवीस लेकरांना एका सतरंजीवर बसवायचं, खिचडी खाऊ घालायची, वजनं करायची, रजिस्टरं भरायची आणि ह्या सगळ्यातून जेवढा वेळ लेकरं रडायची थांबतील तेवढ्या वेळात गाणी म्हणायची. सतरा वर्षं झाली. ह्या सतरा वर्षांत माझा आवाज असा झालाय की मी ओट्यावरून हाक मारली तर तिकडं उसाला पाणी देणारे आमचे हे मोटार बंद करून कान देतात. बाईमाणसाचा एवढा आवाज बरा न्हाई, असं मला लग्न झाल्यापासून सगळे सांगत आलेत. मी ऐकून घेते आणि त्याच आवाजात उत्तर देते.

तर झालं असं, की मी महिन्याचा अहवाल द्यायला घनसावंगीला गेल्ते. अहवाल घेणारा माणूस जेवायला गेल्ता. अर्धा तास काय करायचं म्हणून समोरच्या कॉलेजच्या गेटापाशी सावलीला उभी राह्यले. तिथं बोर्ड लावलेला: नाट्य आणि रंगमंच सादरीकरण, एक वर्षाचा डिप्लोमा, कम्युनिटी कॉलेज योजनेत, बारावी पास पाहिजे, वयाची अट नाही. मी तो बोर्ड एकदा वाचला. मंग परत वाचला. शेवटची ओळ तर चारदा वाचली.

खरं सांगते, माझ्या आयुष्यात नाटकबिटक काही नव्हतं. सहावीत असताना गॅदरिंगमध्ये एकदा मी झाड झाल्ते. झाडाला बोलायचं नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं, तरी मी मधेच बोलले आणि बाईंनी मला पडद्यामागं नेऊन रट्टा दिला. पण त्या दोन मिनिटांत समोर बसलेलं अख्खं गाव माझ्याकडं बघत होतं, ते मी कधी विसरले न्हाई. अंगणवाडीतल्या लेकरांसमोर कोल्होबा करताना मला रोज तेच आठवायचं. आत गेले ऑफिसात.

क्लार्कनं न बघताच विचारलं, "मुलासाठी का मुलीसाठी?"

"माझ्यासाठी."

मंग त्यानं बघितलं. वरपासून खालपर्यंत. आणि एकदम खूश झाला की हो! मला वाटलं माझ्या हिमतीवर खूश झालाय. तसं काही नव्हतं. दहा विद्यार्थी झाल्याशिवाय बॅच सुरू करता येत नव्हती आणि महिनाभर गाडी नवावर अडकली होती. "बसा, बसा ताई," म्हणाला, आणि फॉर्म स्वतःच भरायला घेतला, मी पळून जाईन म्हणून.

घरी आमच्या ह्यांना सांगितलं. ते बैलाच्या अंगावरची गोचीड काढत होते. मान वर न करता म्हणाले, "नाटक? ह्या घरात रोज फुकट चालू असतंय. त्याला कॉलेज कशाला पाहिजे?" म्हणजे परवानगी दिली. आमच्या माणसाची परवानगी अशीच असते, टोमण्यात गुंडाळलेली. मला ती बराबर ओळखू येते.

खरी अडचण चुलीपाशी बसली होती. माझी पोरगी. सतरा वर्षांची, बारावी सायन्स, आणि कॉलेज तेच.

"कुठल्या कॉलेजात?" तिनं विचारलं.

"तुझ्याच की. रोज संध्याकाळी संग संग येऊ."

तिच्या हातातला घास हातातच राह्यला. "मम्मी, तू वेडी झालीस का? लोक काय म्हणतील? माझ्या मैत्रिणी काय म्हणतील?"

"काय म्हणतील? म्हणतील, हिची आई शिकून राह्यली."

"शिकून राह्यली म्हणे! नाटक शिकून राह्यली!" ती उठली, हात धुतला, परत येऊन बसली. माझ्यावर गेलीये, एका जागी रागावता येत न्हाई. शेवटी म्हणाली, "ये मंग. पण एक अट. गेटच्या आत मी तुला ओळखत न्हाई आणि तू मला ओळखत न्हाईस. बोलायचं न्हाई, हाक मारायची न्हाई, बघून हसायचं न्हाई. कबूल?"

मला हसू आलं. म्हणलं, नाटकच शिकायला चाललेय, तर हे एक जास्तीचं. "कबूल," म्हणाले. मला वाटलं, पोरीचा राग आहे, आठ दिवस टिकेल.

अंगणवाडी दीडला सुटायची. दोन घास खाऊन मी फाट्यावर यायची, काळीपिवळी जीप पकडायची आणि तीनच्या तासाला हजर. वर्ग कसला, वनस्पतिशास्त्राच्या लॅबशेजारची जुनी स्टोअररूम. एका कोपऱ्यात मोडकी बाकडी रचलेली आणि मधे आम्ही दहा जण, सतरंजीवर. नऊ जण अठरा ते बावीस वर्षांचे, आणि मी एक्केचाळीस. पहिल्या दिवशी सगळ्यांनी मला काकू म्हणून बघितलं. मी म्हणाले, "इथं कोणी कोणाची काकू न्हाई. ज्याला काकू पाहिजे त्यानं घरी जावं." तेव्हापासून ताई झाले.

शिकवायला एक सर होते, अंबडहून मोटारसायकलवर यायचे. तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढाच पगार, तोही निघेल तेव्हा. हडकुळा माणूस, पण बोलायला लागला की स्टोअररूम भरून जायची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी दोन दुखणी पकडली. एक म्हणजे हात. मला हाताशिवाय बोलताच येत न्हाई. सतरा वर्षं चिऊ म्हणलं की चिऊ, पाऊस म्हणलं की पाऊस, सगळं हातानं दाखवलेलं. सरांनी साधं वाक्य दिलं, "नळाला पाणी आलंय." मी ते म्हणताना नळ फिरवला, पाणी पाडलं, हंडा भरला आणि डोक्यावर ठेवला. वर्ग हसून लोळला. सरांनी एका पोरीला सांगितलं, ताईंचे हात ओढणीनं मागं बांध. हात बांधल्यावर काय आश्चर्य, मला वाक्यच आठवेना.

दुसरं दुखणं त्याहून वाईट. मी वाक्य अर्धं बोलून थांबायची आणि प्रेक्षकांकडं बघायची. "मंग दारात कोण आलं? को..." आणि वाट बघायची, समोरचे "ल्होबा!" म्हणतील म्हणून. सर कपाळाला हात लावून म्हणायचे, "ताई, प्रेक्षक तुमच्या अंगणवाडीत आलेला न्हाई. वाक्य तुम्हालाच पुरं करायचंय." मी म्हणायची, हो सर. आणि परत थांबायची.

पण मजा यायची. काय सांगू किती मजा यायची! कधी मांजर व्हायचं, कधी मुका माणूस, कधी बाजारात हरवलेलं पोरगं. कुंभार पिंपळगावच्या बाजारात नेऊन सरांनी आम्हाला दोन तास नुसतं बघायला लावलं. कोण कसं चालतं, भाव करताना कोण कुठं बघतं, सगळं वहीत लिहायचं. मी जन्मभर त्या बाजारात गेलेली, ते माझं माहेरच, पण मिरची विकणारी बाई गिऱ्हाईक गेल्यावर आपल्याशीच काय पुटपुटते ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. घरी येताना काळीपिवळीत मी एकटीच हसत होते.

आणि पोरगी? पोरीनं अट पाळली. अशी पाळली, की माझ्या वर्गातल्या कोणाला एवढा अभिनय जमला नसता. मी व्हरांड्यातून यायची, ती समोरून मैत्रिणींसोबत यायची, आणि तिची नजर माझ्यावरून भिंतीवरून सरकावी तशी सरकून जायची. सुरुवातीला मलाही गंमत वाटली. एकदा ती डबा घरीच विसरली. मी घेऊन आले, पण द्यायचा कसा? कँटीनवाल्याला म्हणलं, "भाऊ, त्या निळ्या ड्रेसवाल्या पोरीचा डबा रस्त्यात सापडला, तेवढा द्या." त्यानं डब्याला हात लावला. म्हणाला, "ताई, रस्त्यात गरम डबा सापडला का?" मी तिथून सटकले. संध्याकाळी फाट्यावर उतरल्यावर दोघी पोट धरधरून हसलो. फाट्यावर ती माझी पोरगी व्हायची, गळ्यात पडायची, वर्गातल्या चुगल्या सांगायची. म्हणून मी म्हणायची, चालू दे.

पण आठ दिवसांची गोष्ट महिन्यावर गेली, मंग दिवाळी गेली, आणि मला ते टोचायला लागलं.

दिवाळीनंतरची गोष्ट. मी नोटीस बोर्डाच्या मागं उभी होते, चप्पलचा अंगठा तुटल्ता, त्याला पिन लावत होते. पलीकडं पोरींचा घोळका. आणि मला माझाच आवाज ऐकू आला. "नळाला पाऽऽणी आलंऽऽय!" मी फटीतून बघितलं. माझी पोरगी मधे उभी. कमरेवर हात, मान एका बाजूला, पदर खोचल्यासारखी ओढणी खोचलेली, आणि माझी नक्कल करून राह्यली. पोरी हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. एकीनं विचारलं, "ए, ती बाई तुमच्याच गावची आहे ना?"

"असेल," माझी पोरगी म्हणाली. "मला नाही माहिती."

वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. संताप असा आला, की तिथंच जाऊन झिंज्या धराव्यात. आणि खोटं कशाला बोलू, त्याच वेळी मनात हेही आलं, की पोरीला येतंय! हात बराबर, मान बराबर, मधेच थांबून समोरच्याकडं बघणंसुद्धा बराबर. आमच्या दहा जणांत एकालाही असं धरता येत नव्हतं. मी पिन लावली आणि तासाला गेले. त्या दिवशी सरांनी काय शिकवलं ते मला बिलकुल आठवत न्हाई.

रात्रीच्या भाकरी मी अशा थापल्या, की शेजारीण विचारायला आली, काही पाडापाडी चाललीये का. जेवणं झाल्यावर मी सरळ विचारलं, "तुला माझी लाज वाटते का?"

तिला कळलं, मी ऐकलंय. मंग म्हणाली, "तू मांजर होतीस, मम्मी. जमिनीवर लोळतीस. खिडकीतून सगळे बघतात. सगळ्यांच्या मम्म्या कॉलेजात मीटिंगला येतात, साडी नेसून, अन् दहा मिनिटांत जातात. माझी मम्मी रोज येती अन् मांजर होती. मी काय सांगू सगळ्यांना?"

मी ताटं गोळा केली आणि घासायला बसले. आमचे हे खाटेवरून म्हणाले, "काय गं, आवाज बसला का?"

"मी सोडते ते कॉलेज," मी म्हणाले.

"सोड. पण घरात एकमेकींना ओळख द्यायची का न्हाई तेवढं आधी ठरवा दोघींनी. मला चहा कोणाला मागायचा ते कळू द्या."

पोरगी हसली, मी न्हाई हसले. दोन दिवस मी खरंच गेले न्हाई. तिसऱ्या दिवशी सरांचा फोन आला, परीक्षेचं नाटक बसवायला घेतोय, दहा माणसांचं आहे, नवात होत न्हाई. मंग गेले. पण तेव्हापासून मनात एकच बसलं. मला मार्कबिर्क काही नकोत. माझ्या पोरीनं एकदा, फक्त एकदा, चार माणसांत म्हणावं, ही माझी मम्मी आहे. मी तिला तसं सांगितलं न्हाई. मागून घेतल्यावर त्यात काय उरतं?

नाटक आमचंच होतं, माझ्या वहीतून निघालेलं. आमच्या भावकीत दोन भाऊ आहेत, बारा वर्षं एकमेकांशी बोलत न्हाईत. पण विहीर एक, गोठा एक आणि म्हैस एक. मंग बोलतात कसे? म्हशीला सांगतात. थोरला म्हणतो, "म्हशे, सांग त्याला, आज लाईट दहाला येणार हाय, मोटार माझी हाय." धाकटा म्हणतो, "म्हशे, सांग त्याला, कालचे दोन तास कोण देणार?" मी हे वर्गात वाचून दाखवलं तर सर टाळ्या वाजवायलाच लागले. दोन पोरं काळं घोंगडं पांघरून म्हैस झाली, शिंगं प्लास्टिकच्या पाइपाची. थोरल्याचं काम ज्याच्याकडं होतं तो पोलीस भरतीची तयारी करत होता. नाटकाला आठ दिवस राहिले आणि त्याचं पळायचं ग्राउंड नेमकं त्याच दिवशी निघालं, जालन्याला. आता कोण? सरांनी माझ्याकडं बघितलं. "आवाज फक्त ताईंना आहे."

झालं. माझं आधीचं बारकं काम सरांनी कापलं, आणि मला आल्या धोतर, मुंडासं आणि डिंकानं चिकटवलेल्या मिशा. घरी आरशात बघितलं तर हुबेहूब माझा चुलता. पोरगी बघायलासुद्धा बाहेर आली न्हाई.

जानेवारीत कॉलेजच्या मोकळ्या स्टेजवर कार्यक्रम ठेवला. वेळ अकराची. बाहेरचे परीक्षक साडेदहालाच येऊन बसले. साडेअकरा झाले, बारा झाले, एक वाजला, पण उद्घाटनाचे पाहुणे काही येईनात. आमच्याकडं पाहुण्याशिवाय साधी लाईटसुद्धा लावत न्हाईत. डिंक घामानं सुटायला लागला. म्हशीतली दोन्ही पोरं घोंगडं पांघरून केव्हाची दमली होती. दीड वाजता परीक्षकांनी घड्याळ दाखवलं, माझी बस आहे म्हणाले, तेव्हा प्राचार्यांनी हात जोडून सांगितलं, करा सुरू.

आणि काय रंगलं म्हणून सांगू! पहिल्या वाक्यालाच हशा. अर्धी माणसं शेतकरी, त्यांच्या घरातलीच गोष्ट. कोणी तरी ओरडलं, "आरं, हे तर आमचंच हाय!" मी एकदासुद्धा वाक्य अर्धं सोडलं न्हाई. हात धोतराच्या सोग्यात धरून ठेवलेले. मागं शेवटच्या रांगेत बारावीच्या पोरी बसलेल्या दिसत होत्या, त्यात माझीही. ती हसते का ते मात्र तेवढ्या लांबून कळत नव्हतं.

ऐन भांडणात बाहेर तीन-चार गाड्यांचे हॉर्न वाजले. माइकवर मराठीचे प्राध्यापक होते. ते पळत स्टेजवर आले. "थांबा, थांबा! आपले लाडके पाहुणे आलेले आहेत, जोरदार टाळ्या!" नाटक थांबलं. पडदा न्हाई, काही न्हाई, आम्ही जिथं होतो तिथंच उभे. म्हैस खाली बसली. पाहुणे सगळ्या लवाजम्यासकट स्टेजवर चढले आणि त्यांनी म्हशीच्या पाठीवर प्रेमानं थाप मारली. आतून "आयो!" आलं. लोकांना तेही नाटकच वाटलं.

मंग सत्कार सुरू झाले. आमच्या जिल्ह्यात कार्यक्रम म्हणजे सत्कार, बाकी सगळं मधल्या वेळात. पाहुण्यांचा, परीक्षकांचा, प्राचार्यांचा, मंडपवाल्याचा. आणि त्यात यंदा प्राचार्यांना सुचलेलं नवीन, पालकांचा सत्कार. ज्यांनी आपल्या पाल्याला ह्या आगळ्यावेगळ्या शिक्षणाला पाठवलं, त्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या पालकाला टॉवेल, टोपी आणि नारळ. आम्हाला आधी कोणी बोललं नव्हतं, पण बाकीच्यांचे बाप नाटक बघायला आलेलेच होते. एकेकाचं नाव पुकारलं जाऊ लागलं, एकेकाचा बाप धोतर, पायजमा सावरत स्टेजवर यायला लागला. भरतीला गेलेल्या पोराचाही बाप आल्ता. नऊ झाले.

मंग माझं नाव. "ह्या आमच्या ज्येष्ठ विद्यार्थिनी," प्राध्यापक म्हणाले. "त्यांच्या पालकांनी कृपया स्टेजवर यावं."

कोण येणार? वडील जाऊन सहा वर्षं झाली. आईचे गुडघे तिला दारापर्यंत येऊ देत न्हाईत. आमच्या उसाला त्याच दिवशी कारखान्याची तोड आल्ती, आणि तोड आल्यावर माणूस स्वतःच्या लग्नालासुद्धा फड सोडून येत न्हाई.

"पालक उपस्थित आहेत का?" परत विचारलं. कोणी तरी मधून ओरडलं, "आरं, त्याच पालक हायेत!" आणि अख्खा मंडप हसला. पाहुणेही हसले. सगळ्यांनाच वाटलं असेल, बाईलाही गंमत वाटली. मी मिशा लावून, धोतर नेसून म्हशीच्या शेजारी उभी होते आणि मला पहिल्यांदा माझं वय आठवलं. एवढे महिने मी ते विसरले होते. वाटलं, कुठं आलोय आपण, हे काय करून राह्यलो? पुढचं नाव घ्या म्हणायला तोंड उघडलं, तर पुढचं नावही नव्हतं. मी शेवटचीच.

तेव्हा मागच्या रांगेत कोणी तरी उभं राहिलं.

तिची मैत्रीण तिचा हात धरून खाली ओढत होती. तिनं हात सोडवला. खुर्च्यांच्या मधून ती सरळ चालत आली, कुठं बघत नव्हती, चेहरा लालेलाल. पायऱ्या चढली. पाहुणे टॉवेल हातात धरून उभे. त्यांनी विचारलं, "तू कोण गं बाळा?"

"मी पालक," ती म्हणाली.

मंडपात परत हशा. प्राध्यापकांनी माइक तिच्या तोंडापुढं धरला. आवाज माझाच की. शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "ही माझी मम्मी आहे. पप्पांना तोड आहे, म्हणून मी आले. हिला कॉलेजला मी पाठवते."

मंग ज्या टाळ्या पडल्या, ज्या शिट्ट्या पडल्या! पाहुण्यांनी तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी घातली. टोपी तिच्या कानापर्यंत आली. ती नारळ घेऊन वळली आणि माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "मम्मी, मिशी सुटली." सुटणारच. डोळ्यांचं पाणी एका बाजूनं सगळं मिशीत गेल्तं. घोंगड्यातून म्हैस विचारून राह्यली, "ताई, काय झालं? ताई, आम्हाला दिसून न्हाई राह्यलं!"

पाहुणे बसले, आणि सर विंगेतून म्हणाले, "ताई, पुढं." पुढचं वाक्य थोरल्याचं होतं. "म्हशे, सांग त्याला, त्याच्यावाचून माझं काही अडत न्हाई." तालमीत ह्या वाक्याला सगळे हसायचे. मी ते म्हणायला गेले आणि मला म्हणताच येईना. आवाज फुटला, दोनदा थांबले, शेवटी कसंबसं म्हणाले. एकही माणूस हसला न्हाई. परीक्षक वहीत काही लिहीत होते ते थांबले आणि वर बघितलं. नंतर सर म्हणाले, तिथं तुम्ही कमाल केली. मी म्हणलं, सर, त्याचे मार्क देऊ नका, तो अभिनय नव्हता. त्यांनी दिलेच.

परत येताना आम्ही दोघी एकाच काळीपिवळीत बसलो, गेटापासूनच, तिच्या मैत्रिणी बघत असताना. तिनं टोपी काढली नव्हती. नारळ मांडीवर. फाटा यायला आला तेव्हा मी विचारलं, "काय गं, एवढे महिने ओळख न्हाई आणि आज एवढ्या लोकांत कशी उठलीस?"

"सगळे हसत होते," ती म्हणाली.

"मंग? तू न्हाई का हसलीस? ऐकलंय मी."

"मी हसीन," ती खिडकीकडं बघत म्हणाली. "मी कितीही हसीन. पण दुसऱ्यांनी तुला हसायचं न्हाई."